हाक आली

आनंदाची उंची पाच फूट एक इंच, छाती बत्तीस, आणि या दोन आकड्यांवर गडी तीस वर्षं मिरवत आला. लहानपणी मोरिवलीतली पोरं उंची वाढावी म्हणून दाराच्या चौकटीला लोंबकळायची, तेव्हा आनंदाचा बाप कपाळाला हात लावून म्हणायचा, हे बुटकं कुठल्या कंपनीत लागणार? लागलं ना! अंबरनाथच्या एमआयडीसीत बॉयलरच्या नि केमिकलच्या टाक्यांच्या ज्या भोकात धडधाकट माणसाचं डोकं जाऊन खांदे अडकतात, तिथे आनंदा सुळकन आत. आत बसून गंज खरवडायचा, जाम झालेले बोल्ट सोडवायचे, जुनाट पाइप तुकडे करून बाहेर द्यायचे. या कामात आत जाणाऱ्याला ‘आतला’ म्हणतात आणि भोकाशी दोर धरून बसतो त्याला ‘वरचा’. “आतला एकच असतो,” आनंदा म्हणायचा, “वर काय, कोण पण बसतो. दगड ठेवला तरी चालतो.” आणि हे तो वरच्याच्या तोंडावर म्हणायचा.

आतल्या-वरच्याचे कायदे असतात. कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडायची कुणाची छाती नाही. लोखंडी टाकीत माणूस बोलला की आवाज घुमतो, शब्द कळत नाही. त्यात तोंडाला फडकं बांधलेलं. म्हणून बोलायचं नाही, पान्याने ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे ठीक चाललंय. दोन म्हणजे हत्यार दे. तीन म्हणजे मला बाहेर काढ. वरच्याने उत्तराचा एक ठोका द्यायचा आणि हालचाल करायची. तीन ठोके द्यायला लाज नाही, दिवसातून चारदा देतात लोक. लाज आहे ती हाकेची. आतून तोंडाने हाक आली म्हणजे गडी घाबरला. मग वरचा मोठ्याने पुकारतो, “हाक आली!” सगळं काम थांबतं, माणसाला बाहेर काढतात, पाणी देतात, आणि तो परत कधी आत जात नाही. कधी म्हणजे कधीच नाही. एकदा घाबरलेला माणूस आत पुन्हा घाबरतो, हातपाय झाडतो, आणि त्याला काढायला गेलेल्यालाही घेऊन मरतो. कायद्यात अक्कल आहे. पण आनंदाने त्या अकलेचं जे केलं ते माणसाने करू नये.

एकोणीस वर्षांपूर्वी हेमूशेठच्या टोळीत आतले दोन होते, आनंदा आणि बदलापूर गावातला प्रमोद. एक आत गेला की दुसरा वर. हेमूशेठ म्हणजे हेमचंद्र, टोळीचा ठेकेदार. मूळचा देशावरचा, पण उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये भंगाराचं दुकान थाटून सिंधी व्यापाऱ्यांत इतका मुरला की चुकून बायकोलाही ‘साईं’ म्हणून बसायचा. प्रमोद आनंदाहून सात वर्षांनी लहान, हाताचा चपळ, आणि हेमूशेठ त्याचं चारचौघांत कौतुक करायला लागला होता. आणि एके दिवशी एका रिअॅक्टरच्या टाकीतून प्रमोदची हाक आली. “आनंदादादा, काढ रे! काढ मला!” वर आनंदाच होता. त्याने आवारभर ऐकू जाईल असं पुकारलं, “हाक आली!” आणि त्या दिवसापासून प्रमोदचं नाव पडलं हाक्या.

नाव ठेवून थांबला असता तर तो आनंदा कसला! प्रमोदच्या लग्नात बुद्धवंदना झाली, हार घालायची वेळ आली, आणि आनंदाने भाताच्या पातेल्यावर उलथन्याने तीन ठोके दिले. टोळीतली चौघं एका सुरात ओरडली, “काढ रे! काढ मला!” नवरी बावरली. तिला काय भानगड आहे ते आनंदानेच जवळ जाऊन समजावून सांगितलं, सगळ्या वऱ्हाडासमोर, हातवारे करून. प्रमोदच्या मुलाच्या बारशालाही तेच. पोरगं रडायला लागलं तर हा म्हणतो, “बापावर गेलंय. हाक मारतंय.” रोज सकाळी कारखान्याच्या गेटवर, “चल हाक्या, दोर धर.” प्रमोद दोर धरायचा. एकोणीस वर्षं धरला. तीन ठोक्यांना कधी उशीर केला नाही आणि उलट शब्द बोलला नाही.

आनंदाची बायको यशोधरा एकदा म्हणाली होती, “तुमचा जीव त्या माणसाच्या हातात असतो आणि तुम्ही त्यालाच टोचून खाता. भीती नाही वाटत?”

“कुणाची, हाक्याची?” आनंदा पोट धरून हसला. “अगं, त्याला तोंडच नाही.”

पण शरीर कुणाच्या बापाचं ऐकतं का? त्रेपन्नावं लागलं तशी आनंदाची बत्तीसची छाती छत्तीस झाली, पोट सुटलं, डावा खांदा वर जाईना. मागच्या वर्षी एका टाकीच्या तोंडात तो कमरेशी अडकला. साबणाचं पाणी ओतून ओढून काढावं लागलं. हेमूशेठने तेव्हा नुसतं बघितलं, बोलला काही नाही. बोलला तो बदलापूरच्या नावेच्या वेळी.

बदलापूरला नदीकाठी एक रिसॉर्ट निघत होतं. मालकाला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने मुंबईहून एक जुनी शिडाची नाव भंगारात उचलली. पस्तीस फुटी, पांढऱ्या फायबरची, चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा साहेबाने हौसेने बांधून घेतलेली. शीड कधीच फाटलेलं, आणि ट्रेलरवरून आणताना विजेच्या तारांना लागते म्हणून डोलकाठीही कापून टाकलेली. आता ती लॉनवर सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसली होती, नदीकडे ढुंगण करून. आत टेबलं टाकून लोकांना जेवू घालायचं, फोटो काढू द्यायचे, असा बेत. पण त्याआधी तिच्या पोटातलं जुनं सामान निघायला हवं होतं. इंजिन, बॅटऱ्या, संडासाचं भांडं, कुजके पाइप, डिझेलची टाकी. आत असा काही वास कोंडला होता की तिथे गिऱ्हाईकाने पाणीसुद्धा प्यालं नसतं.

पहिल्या दिवशी आनंदाने आत डोकं घातलं आणि तिथल्या तिथे शिवी हासडली. “कुठल्या दीडशहाण्याने बांधली रे ही? आधी सामान मांडलं आणि मग त्याच्या भोवती नाव बांधली!” खोटं नव्हतं. टाकी आधी ठेवलेली, तिच्यावर फळ्या, फळ्यांवर बाकं, बाकांवर छत. आत जाईल ते परत बाहेर यावं असा विचारच कुणी केला नव्हता.

तरी तीन दिवसांत इंजिन निघालं. एकेक भाग सुटा करून चेन पुलीला टांगून. भांडं निघालं, बॅटऱ्या निघाल्या. राहिली डिझेलची टाकी. ती इंजिनाच्याही मागे, नावेच्या शेपटाकडे, जिथे दोन्ही भिंती आत वळून जवळ येतात तिथे. तिच्याकडे जायची वाट एकच. इंजिनाच्या रिकाम्या खोबणीतून पोटावर सरपटत जायचं, मग डावीकडे अंग मुरडायचं, आणि टाकी व नावेची भिंत यांच्यामधल्या सांदीत घुसायचं. सांद जेमतेम हातभर रुंद. टाकी दोन पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळलेली, आणि पट्ट्यांचे बोल्ट हट्टाने पलीकडच्या अंगाला.

“बाजू कापू या ना,” कैलास म्हणाला. तो टोळीचा ग्राइंडरवाला. “दहा मिनिटांत टाकी बाहेर.”

“नाही हां, नाही!” रिसॉर्टचा मॅनेजर अक्षय धावत आला. “सरांनी सांगितलंय, बाहेरून ओरखडा पण नको.”

हेमूशेठने आनंदाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “खरं सांग साईं, जमेल का? नसेल जमत तर मी कॅम्प तीनमधून दुसरा माणूस आणतो. तू वर बस आता. वय झालं, त्यात लाज कसली?”

वर बस! हाक्याच्या जागी, दोर धरून! आनंदाच्या अंगाची लाही लाही झाली. “शेठ, ही टाकी मीच सोडवणार. नाही सोडवली तर उद्यापासून वर बसतो. आतलं काम बंद. झालं समाधान?”

“बघ हां, बोललास.”

“बोललो.”

प्रमोद दोराचं वेटोळं करत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आनंदाने शर्ट काढला, खांद्यांना नि पोटाला खोबरेल चोपडलं, कपाळाला बॅटरी बांधली, घोट्याला दोर. बाकीचे लॉनच्या त्या टोकाला झाडाखाली चहाला बसले. पलीकडे रिसॉर्टवाले लाउडस्पीकर लावून बघत होते, एकामागून एक गाणी ठणाणत होती. “चल हाक्या, धर,” म्हणून आनंदा आत शिरला.

शिरला, हे मान्य करायला हवं. खोबण पार केली, डावीकडे वळला, श्वास सोडून छाती बारीक केली आणि त्या सांदीत अंग सारलं. बरगड्यांची साल निघाली. चेहऱ्यापुढे टाकीचा काळा पत्रा, पाठीला फायबरची भिंत, नाकात कुजलेल्या डिझेलचा वास. पण आनंदाला बरं वाटत होतं. बाहेर त्याला भाडेकरूपासून भाजीवालीपर्यंत सगळे ऐकवून जायचे; आत त्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं. पहिल्या पट्टीचा बोल्ट त्याने पाव तासात सोडवला. दुसऱ्यासाठी डावा हात टाकीच्या मागून पलीकडे घातला, खांदा कळवळला तरी रेटला, आणि उजव्या हाताने पाना फिरवला. बोल्ट करकरला, सुटला.

आणि टाकी सरकली. तिच्यात अर्धी टाकी गाळ अजून शिल्लक होता, तो सगळा एका बाजूला कलंडला, आणि त्या वजनासकट टाकी आनंदाच्या हातावर येऊन बसली. मनगटाच्या वर, नावेच्या लाकडी आडव्या फासळीवर हात दाबला गेला. डोळ्यांसमोर पांढरं झालं. ओरडायचं नाही एवढं मात्र त्याला तेव्हाही उमगलं. त्याने ओठ चावला, पाना उचलला आणि भिंतीवर तीन ठोके दिले.

थप. थप. थप.

आता इथे या सगळ्या शहाण्यांचं शहाणपण बघा. तीस वर्षं लोखंडात काढलेली माणसं. ठोका दिला की तो वर पोचतो, यात शंका घ्यावी असं एकाच्याही मनात आलं नव्हतं. पहिले तीन दिवस काम उघड्यावर, समोरासमोर. ठोक्यांची गरजच पडली नाही. पण ही नाव फायबरची. आतून फोम भरलेला, वर लाकूड. ती ठोका गिळते. त्यात बाहेर लाउडस्पीकर. आनंदाचे ठोके त्या सांदीच्या बाहेरसुद्धा गेले नाहीत.

त्याने वाट पाहिली. उत्तराचा ठोका नाही. पुन्हा तीन दिले. काही नाही. पाय हलवून दोराला हिसका द्यावा तर दोर वळणावर फळीच्या खाचेत घट्ट बसलेला. पुन्हा तीन. बाहेरचं गाणं संपलं, दुसरं लागलं. हाताची बोटं आधी पेटली, मग थंड पडायला लागली.

आणि मग आनंदाला कळलं. म्हणजे त्याला वाटलं की कळलं. हाक्या ऐकतोय. ऐकून गप्प बसलाय. बदला घेतोय भडवा.

हे त्याला इतक्या झटक्यात का सुचलं? दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. ठोके ऐकू गेले नसतील, असं आधी मनात आलं असतं. पण आनंदाला आतली गोष्ट ठाऊक होती, आणि ती त्याने एकोणीस वर्षांत यशोधरालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी रिअॅक्टरमधून प्रमोदचे तीन ठोके आले होते. स्वच्छ, खणखणीत. आनंदा भोकाच्या काठावर पाय आत सोडून बसला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. त्याच्या मनात आलं, थांब जरा. शेठचा लाडका ना तू? घाम फुटू दे. पुन्हा तीन ठोके आले. पुन्हा तीन. आनंदा बसून राहिला. पोराचा जीव घ्यायचा नव्हता त्याला, थोडी मजा करायची होती, असं तो नंतर स्वतःला सांगायचा. पण मजा केवढी चालवायची हे त्याने ठरवलं नव्हतं. ती हाक येईपर्यंत चालली.

“घे,” तो आता अंधारात दात चावून पुटपुटला. “घे तुझा बदला. पण माझ्या तोंडून हाक नाही निघायची.” तिसरं गाणं झालं. चौथं लागलं. घामाने तेल डोळ्यांत उतरलं. एवढंसं हललं तरी टाकी आणखी खाली बसायची. छातीत हवा मावेना. डिझेलचा वास घशात जाऊन चिकटला. त्याने स्वतःला बजावलं की अजून शंभर आकडे मोजायचे. त्रेचाळीसपर्यंत गेला, पुढचा आकडा सुचेना. आणि तो घाबरला. हो, घाबरला. आतला आनंदा, मोरिवलीचा आनंदा, टाकीच्या आत झोप काढणारा आनंदा लहान पोरासारखा घाबरला.

“प्रमोद!” तो ओरडला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने हे नाव घेतलं. “प्रमोद, काढ रे! काढ मला!”

“आलो!” लगेच आवाज आला, अगदी डोक्यावरून, जणू प्रमोद वरच्या फळीला कान लावून पडलेला असावा. मग खोबणीपाशी त्याचं डोकं, बॅटरीचा उजेड. “काय झालं?”

“हात. टाकीखाली हात आलाय. प्रमोद, ऐक. बाहेर कुणी ऐकलं?”

प्रमोदने मागे वळून बघितलं असावं. “नाही. गाणी चालू आहेत.”

“मग कुणाला बोलू नको. ठोके दिले म्हण. तीन ठोके दिले, एवढंच म्हण. तुझ्या पाया पडतो.”

उजेड तसाच आनंदाच्या तोंडावर स्थिर राहिला. आनंदाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मग उजेड गेला, वरून पावलं वाजली, आणि सगळ्या लॉनवर ऐकू जाईल असा प्रमोदचा आवाज आला, “हाक आली!” थोडं थांबून, आणखी मोठ्याने, “आनंदाची हाक आली!”

गाणी बंद झाली. माणसं धावत आली. हेमूशेठ, कैलास, रिसॉर्टचे माळी, वेटर, सगळे. टाकी आतून उचलता येईना, दुसरा माणूस मावेना. बाजू कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण अक्षय म्हणाला, “एक मिनिट, सरांना विचारतो,” आणि फोन लावला. फोन लागेना. आनंदा आत. परत लावला. तेवढ्यात कैलासने ग्राइंडरला वायर जोडून घेतली आणि शिव्या द्यायला लागला. अखेर मालकाने फोन उचलला. अक्षयने स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे आनंदालाही आत ऐकू आलं.

“कुठली बाजू? मागची, लॉनकडची? अरे, तिथेच तर आपल्याला गोल खिडकी काढायची आहे. ड्रॉइंग पाठवलं होतं ना तुला. काप.”

हेमूशेठ अक्षयकडे बघत राहिला. “हे आधी का नाही बोललात?”

“तुम्ही मला ड्रॉइंग विचारलंच नाही,” अक्षय म्हणाला. “तुमचा माणूस जातो म्हणालात, मला वाटलं तुमची तशीच पद्धत असेल.”

कैलासने चकती लावली. आनंदाच्या पाठीपासून वीतभर अंतरावरून ती कोकलत गेली. फायबरची भुकटी डोळ्यांत, नाकात, तेल चोपडलेल्या अंगावर. दहा मिनिटं म्हणाला होता कैलास, बाराएक लागली. भिंतीचा तुकडा निघाला आणि आनंदावर एकदम ऊन पडलं. टाकी दोघांनी सहज बाहेर ओढली. तिच्यामागून आनंदाला काढला, लॉनवर बसवला, पाणी दिलं. कायद्याप्रमाणे. हात कोपरापासून खाली काळानिळा, बोटं मिटत नव्हती. प्रमोदनेच त्याच्या हाताला फडकं बांधलं, नीट, गाठ न टोचेल असं.

आजूबाजूची माणसं पांगल्यावर आनंदा दबक्या आवाजात म्हणाला, “ठोके ऐकून बसून राहिलास ना?”

“एक पण ऐकला नाही,” प्रमोद म्हणाला. “मी उलट सात-आठ वेळा दिले, ठीक आहेस का म्हणून. तुला आले?”

आनंदाने नाही म्हणून मान हलवली. कैलास शेजारीच टाकीला टेकून उभा होता. त्याने पान्याने नावेवर एक ठोका मारून पाहिला. थप. तिघांनीही तो बसका, जागीच मेलेला आवाज ऐकला.

“मग गप्प राहायचं होतंस,” आनंदाचा आवाज चिरकला. “हाक तुझ्याशिवाय कुणी ऐकली नव्हती.”

“तेव्हा पण ठोके तुझ्याशिवाय कुणी ऐकले नव्हते.”

आनंदाने झटकन मान वर केली.

“भोकातून तुझे पाय दिसत होते मला,” प्रमोद म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. “हलवत बसला होतास. मी ठोका दिला की हलायचे थांबायचे. मग परत हलायला लागायचे. मी बघत होतो ना खालून.”

“तुला माहीत होतं? आणि एवढी वर्षं दोर धरलास?”

“ते माझं काम होतं. आणि वाट बघायची होती.”

तेवढ्यात अक्षय आला, फोन हातात घेऊन, एकदम खुशीत. नावेच्या बाजूला पडलेलं ते भोक त्याने मघापासून चारी बाजूंनी बघितलं होतं. “काका, तुम्ही ह्या एवढ्याशा जागेत होतात? विश्वास नाही बसत! जरा आत बसून दाखवा ना. रील करतो, ओपनिंगला टाकू.”

“अहो, त्याचा हात बघा,” कैलास म्हणाला.

“हाताला काही नाही करायचं, नुसतं बसायचं.”

हेमूशेठ आनंदाजवळ वाकला, खांद्यावर हात ठेवला. “दोन मिनिटांचं काम आहे साईं, मग सरळ डॉक्टरकडे नेतो तुला. मालक खूश झाला तर तुझं पण काहीतरी बघू.”

बघू! त्या एका शब्दाला आनंदा लोंबकळला. बघू म्हणजे कदाचित आतलं काम. कदाचित लहान टाक्या नाही, मोठ्या टाक्या; पण आतलं. आणि तरीही पाय उचलेना. त्याने प्रमोदकडे पाहिलं. हाक दिलेला माणूस परत आत जात नाही, एवढंच प्रमोदने म्हणावं. ज्या कायद्याने आनंदाने त्या माणसाला एकोणीस वर्षं नागवं केलं, तो कायदा आज आपल्यावर पांघरावा, एवढी आशा त्या निर्लज्जाला होती.

“जाऊ द्या त्याला,” प्रमोद म्हणाला. “त्याला आत आवडतं.”

आनंदा उठला. फडकं बांधलेला हात पोटाशी धरून तो त्या भोकातून आत गेला आणि अंग मुरडून मघासारखा बसला. आता टाकी नव्हती, जागा ऐसपैस होती. लॉनवर माणसं गोळा झाली. कुणी वेटर म्हणाला, “पाय अजून आत घ्या काका, मग खरं वाटेल.” आनंदाने पाय आत घेतले. अक्षय गुडघ्यावर बसला, फोन आडवा धरला, मग उभा धरला.

“मस्त! आता हाक मारा ना, मघाशी मारली म्हणतात तशी. नाव घेऊन.”

आनंदाचे ओठ हलले. यशोधरा हे बघेल, मोरिवलीतली पोरं बघतील, कंपन्यांच्या गेटवरचे वॉचमन बघतील, हे त्याला पुरतं कळत होतं.

“प्रमोद,” तो म्हणाला. “काढ रे मला.”

हसले लोक. कुणी टाळ्या वाजवल्या. अक्षयने फोन कानाशी नेऊन ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“आवाज नीट नाही आला काका. परत एकदा, जोरात.”

आनंदाने परत हाक मारली, जोरात.